हिश्श्याची शिकवण

मी दोन बुकं शिकलेला माणूस. तीही मिशनच्या शाळेत, आणि पावसाळा सोडून, कारण पावसाळ्यात शाळेचं माळवद गळायचं. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी सांगत नाही, माझं मीच लिहितो. अक्षर वाकडं जाईल, जाऊ दे.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. शिरूर कासारच्या अलीकडे, सिंदफणेच्या काठाला आमचं गाव. नदी म्हणायची, पण वर्षातले आठ महिने ती नुसती वाळू. गावकुसाबाहेर आमची सात घरं, आणि सातही घरांनी माझ्या बापाच्या वेळेला बाप्तिस्मा घेतलेला. वस्तीच्या मधोमध मातीच्या भिंतींची एक लांब खोली होती. तिला आम्ही देऊळच म्हणायचो. आत पांढऱ्या मातीचं सारवण आणि समोर मरियामातेची तसबीर. त्या तसबिरीतल्या झग्याचा निळा रंग माझ्या डोळ्यांतून अजून गेलेला नाही. आमच्या मुलखात तसलं निळं काही नव्हतं. आभाळसुद्धा धुळीनं पांढुरकं असायचं. लहानपणी मला वाटायचं, तो रंग नाही, ते पाणी आहे. तसबिरीच्या आत कुठंतरी खोल विहीर आहे आणि ती बाई काठावर उभी आहे.

फादर वर्षातून तीनदा यायचे, लांबच्या मोठ्या मिशनमधून, घोड्यावर. घोडा पांढरा होता की धुळीनं पांढरा झालेला, हे मला आता सांगता येणार नाही. मागच्या तट्टावर मिस्सेच्या सामानाची पेटी असायची. ती उघडली की मेणाचा वास सुटायचा आणि पोरं एकदम गप्प व्हायची. मिस्सा, म्हणजे फादरनी करायची उपासना, लॅटिनमधली. एक शब्द कुणाला कळायचा नाही, आणि त्यातच आम्हाला सुख वाटायचं. देव त्याच्या घरच्या बोलीत बोलतोय आणि आपल्याला शेजारच्या खोलीत बसून ऐकू देतोय, असं.

एरवी पोरांना शिकवायला मिशननं एक मास्तर ठेवला होता. तो हिवतापानं खंगला आणि गेला आपल्या गावी. फादर आले, मला म्हणाले, तुला सगळी शिकवण पाठ आहे, मुलांचा जिम्मा तू घे. ईस्टरच्या आधी मी येईन. तेव्हा त्यांची परीक्षा घेईन आणि जी तयार असतील त्यांना पहिला ख्रिस्तप्रसाद देईन. ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकरी, शिकवण आल्याशिवाय ती पोरांना मिळायची नाही.

मी तेव्हा पंचविशीतला. वाचता फारसं यायचं नाही, पण एकदा ऐकलेलं सुटायचं नाही. प्रार्थना, आज्ञा, प्रश्न आणि उत्तरं, सगळं डोक्यात. छाती फुगली माझी. गावात कुणी हसून मास्तर म्हटलं तरी मी ते खरंच समजायचो. पाटलाच्या बैठकीवरचा एक जण म्हणाला, काय बे, पाद्री झाला का. मी म्हटलं, अजून न्हाई.

सात घरांतली सात पोरं त्या वयाची होती. मी त्यांना नदीच्या वाळूत बसवलं आणि विचार करायला लागलो की ही एवढी मोठी शिकवण एवढ्याशा डोक्यांत मावणार कशी. मग मला जे सुचलं ते आमच्या रक्तातलंच होतं. गावकीची कामं आमच्यात घरवार वाटलेली असायची. एका घराकडे सांगावे पोचवणं, एकाकडे सरकारी टपाल, एकाकडे चावडीची झाडलोट. ज्याचं काम त्यानं करायचं, दुसऱ्यानं त्यात हात घालायचा नाही. घातला तर भांडण. सात घरं मिळून गावाचं सगळं व्हायचं. मी शिकवणही तशीच वाटली. पहिल्या घराला क्रुसाची खूण आणि देव कोण आहे ते. दुसऱ्याला 'आमच्या बापा' ही प्रार्थना. तिसऱ्याला मरियामातेची, 'नमो मरिये'. चौथं घर माझं. दहा आज्ञा मी माझ्या पोरीला दिल्या, कारण त्या सगळ्यात लांब, आणि लांब ते माझ्या घरी असावं असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू. पाचव्याला विश्वासाचा अंगीकार. सहावं घर माझ्या बहिणीचं. तिच्या पोरीला, म्हणजे माझ्या भाचीला, पश्चात्तापाची प्रार्थना. आणि शेवटच्या घरात शेळ्या वळणारा एक पोरगा होता, त्याला ख्रिस्तप्रसादाबद्दलची प्रश्नोत्तरं.

मी प्रत्येकाला एकेकटं बाजूला घेऊन सांगितलं, ह्यो तुझा हिस्सा. ह्यो सांभाळायचा. कुनाला द्यायचा न्हाई, कुनाचा घ्यायचा न्हाई.

त्या चार महिन्यांच्या संध्याकाळी मला अजून ऐकू येतात. चुली पेटायच्या, धूर सात छपरांवरून एकाच उंचीला जाऊन थांबायचा, आणि मी पहिल्या दारापुढे उभा राहायचो. आतून पोराचा आवाज यायचा, त्याचा हिस्सा म्हणणारा. तो संपला की दुसऱ्या दारातून पुढचा. मग तिसऱ्या. मी नुसता चालत जायचो. आवाज दारं बदलत माझ्याबरोबर चालायचा. मधेच शेळी ओरडायची, कुणाची तरी आई फोडणी घालताना खोकायची, पण प्रार्थना तुटायची नाही. शेवटच्या दारापाशी शेळ्यांच्या पोराचं उत्तर संपलं की वस्ती एकदम निवांत व्हायची. मला वाटायचं, सात घरांचं मिळून एक माणूस झालंय आणि ते माणूस देवाशी बोलून झोपायला निघालंय. पुढे मी मोठी चर्चं पाहिली, बाजाच्या पेट्या ऐकल्या. त्या चालण्यासारखं काही नाही. माझी चूक होती हे मी कबूल करतो, पण ती सुंदर होती हेही लिहून ठेवतो.

ज्वारीची काढणी चालू असताना फादर आले. आणि त्याच आठवड्यात दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, ठरवलं की घर मोडून रेल्वेच्या मातीकामाला जायचं. लांब, पार खाली, जिथं नवी लाईन पडत होती. मुकादमानं बुधवारी मांजरसुंब्याला बोलावलं होतं, म्हणजे सोमवारी निघणं आलं. तिथं ना आपली वस्ती, ना फादरची वाट. माझ्या भाचीला ह्या रविवारी ख्रिस्तप्रसाद मिळाला तर मिळाला. नाहीतर कधी, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आठ वर्षांची पोर. तिच्या आईनं जुन्या पांढऱ्या धोतराचा झगा शिवून ठेवला होता, आणि पोरगी रोज त्याची घडी उघडून परत घालायची.

शनिवारी सकाळी फादर देवळात स्टुलावर बसले आणि एकेकाला बोलवायला लागले. फादर गोरे, म्हातारपणाकडे झुकलेले, मराठी पुस्तकातून शिकलेली. पहिल्या पोराला त्यांनी क्रुसाची खूण विचारली. त्यानं कपाळ, छाती, खांदे शिवत खणखणीत सांगितली. फादर खूश. मग म्हणाले, आता नमो मरिये म्हण. पोरगा गप्प. परत विचारलं, तरी गप्प. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे बरोबर आहे, गप्प राहा.

असं सातही पोरांचं झालं. भाचीला आमच्या बापा म्हणायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्ये माझं न्हाई."

फादरनी पोरांना बाहेर पाठवलं. मला विचारलं, हे काय आहे. मी ताठ मानेनं सगळी वाटणी समजावून सांगितली. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतायत की काय ते मला कळेना. हात काढले तेव्हा हसत नव्हते.

"प्रत्येक बालकाने सर्व सांगितले पाहिजे," ते म्हणाले. "मेल्यावर ते देवापुढे एकटे उभे राहील. तेव्हा तू तुझी सात घरे बरोबर नेणार आहेस काय?"

"नेईन की," मी म्हटलं. "एकट्याला वळखतंय कोन तिथं?"

ते उठले. म्हणाले, उद्या मिस्सा होईल, पण पहिला ख्रिस्तप्रसाद कुणालाच नाही. पुढच्या खेपेला बघू. आणि मला म्हणाले की ती मुलगी जाणार आहे याचे मला फार वाईट वाटते.

मी बाहेर आलो तर बहीण दारातच उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. माझी बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण जीभ दोन वर्षांनी मोठी. ती आवाज न चढवता म्हणाली, "दादा, गावानं आपल्याला तुकड्यातुकड्यानं जगाया लावलं. तू देवबी तसाच वाटलास व्हय रं?"

मी म्हटलं, तुला कळत न्हाई. ती म्हणाली, मला येवढं कळतंय की माझी पोर उपाशी जाणार. जा, त्याला म्हन चुकलं. मी म्हटलं, मी कावून म्हनू. त्याचा घोडा तुला लाथ मारंल का, ती म्हणाली, आणि आत जाऊन भांडी बांधायला लागली. एकेक भांडं ती असं ठेवत होती की ते माझ्याच डोक्यावर ठेवल्यासारखं वाजत होतं.

मी नदीकडे गेलो. वाळूत बसलो. काढलेल्या ज्वारीचा वास येत होता, वर घारी फिरत होत्या, सगळं इतकं संथ की आपण कुणाचं काही बिघडवलंय असं वाटू नये. तिथं किती वेळ गेला कोण जाणे. पाण्याचं एक डबकं उरलं होतं, त्यात आभाळ पडलेलं, आणि त्या आभाळात मला ते निळं कुठंच दिसेना. मग मी उठलो. कशानं उठलो ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या स्वभावात तर ते नव्हतं.

फादर देवळामागे घोड्याला कडबा घालत होते. मी म्हटलं, "चूक माझी हाय. पोरीची न्हाई. एक दिवस द्या."

हे वाक्य मी जन्मात एकदाच बोललो आहे. बायकोलाही बोललो नाही. फादरनी हातातला कडबा घोड्यापुढे टाकला. मग म्हणाले, उद्या मिस्सेच्या आधी पुन्हा विचारीन. मात्र सगळे विचारीन.

मी पोरांना वाळूत बोलावलं आणि सांगितलं, हिस्से मोडले. आता सगळ्यांचं सगळं. चला, म्हना. कुणी तोंड उघडेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांना येत होतं. चार महिने रोज संध्याकाळी एकमेकांचं ऐकत होती, येणार नाही तर काय. पण दुसऱ्याचं कसं म्हणायचं, ह्यावर गाडं अडलेलं. मी रागावलो. भाची म्हणाली, "मामा, तू म्हनलास म्हनून कसं व्हईल? ज्याचं हाय त्यानं द्याय पायजे."

आणि ती उठून निघाली. मी मागून पाहत राहिलो. आमच्याकडे शेतीत सावड असते. आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या. पोरीनं तेच केलं. पहिल्या घरी गेली, त्या पोराला ज्वारीच्या पेंढ्या उचलू लागली, आणि काम झाल्यावर म्हणाली, आता तुझं दे. त्यानं दिलं, म्हणजे तिच्यासमोर म्हणून दाखवलं, आणि म्हणाला, घे, झालं तुझं. तिनं तिचं त्याला दिलं. दुसऱ्या घरी पाणी भरलं. तिसऱ्या घरी त्यांचं रडकं पोर मांडीवर घेऊन बसली. पाचव्या घरी गोवऱ्या थापल्या, आणि शेणाच्या हातांनी उभी राहून अख्खा अंगीकार ऐकला. हे बघून बाकीचीही पोरं उठली. दुपार चढली तशी वस्तीभर ही देवघेव चाललेली. एक पोरगा दुसऱ्याला म्हणत होता, येवढ्या कामात अर्धंच मिळंल. काटेरी कुंपणांच्या सावल्यांत ती पोरं इकडून तिकडे जात होती, आणि मला वाटलं, मी झोपेत आहे आणि कुणीतरी माझीच वस्ती मला स्वप्नात, जरा बरी करून, दाखवतंय.

माझी पोरगी मात्र घरात बसून राहिली. भाची आली, भाकरीसाठी सरपण आणून दिलं, आज्ञा मागितल्या. पोरीनं दिल्या. पण स्वतः कुणाच्या दारी गेली नाही. मी म्हटलं, जा की. ती म्हणाली, मी कावून जाऊ, माझं सगळ्यात मोठं हाय.  

दिवस मावळायला आला तेव्हा भाची माझ्याकडे आली. पाय धुळीनं भरलेले. म्हणाली, सगळ्यांनी दिलं, त्यो देत न्हाई. तो म्हणजे शेळ्यांचा पोरगा. वरच्या खडकाळ माळावर, बरडावर होता. तिनं दुपारपासून त्याच्या शेळ्या वळल्या होत्या, पण तो म्हणत होता, मास्तरनं सांगितलंय कुनाला द्यायचं न्हाई. मी म्हटलं, अगं मला येतंय ते, बस, मी सांगतो. तिनं मान हलवली. "तुझं नको. त्याचं हाय त्ये."

मग आम्ही दोघं बरडावर गेलो. सूर्य टेकलेला, शेळ्यांच्या कडा सोन्याच्या झालेल्या. पोरगा दगडावर बसला होता, मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, तू लई नेकीनं राखलंस, आता दे. तो म्हणाला, मग माझ्याकडं काय ऱ्हाईल?  इतकी शिकवण पाठ, त्यात ह्याचं उत्तर नव्हतं. भाचीच म्हणाली, "माझं ऱ्हाईल की तुझ्याकडं. आन् समद्यांचं. मी सा आनलेत." पोरानं थोडा विचार केला. मग तो तिला देऊ लागला, आणि मी शेळ्या घेऊन खाली निघालो. मागून दोघांचे आवाज येत होते, कधी ह्याचा, कधी तिचा, आणि वारा मधेच एखादं उत्तर उचलून दुसरीकडे न्यायचा.

रविवारी सकाळी पोरं तोंडात पाणीही न घालता आली. ख्रिस्तप्रसादाआधी उपास कडक असायचा. भाची पांढऱ्या झग्यात. झगा लांब झालेला, दोन्ही हातांनी उचलून धरलेला. फादरनी तिला सगळं विचारलं, पुढून मागून, उलटसुलट. ती सांगत गेली. सांगताना प्रत्येक वेळी ज्याचं त्याच्याकडे एकदा बघायची. शेवटी फादर म्हणाले, "हा प्रसाद आणि तुमची भाकरी, यांत भेद कोणता?"

पोरीनं झगा सावरला.  मग म्हणाली, "भाकरीचा तुकडा म्हंजी तुकडाच. ह्येचा तुकडा म्हंजी सगळा. किती बी जनात वाटला तरी एकेकाला सगळाच." मग शेळ्यांच्या पोराकडे बोट करून म्हणाली, "त्यानं दिलंय."

 फादरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या दिवशी सातांतल्या चौघांना ख्रिस्तप्रसाद मिळाला. भाची, शेळ्यांचा पोरगा, आणखी दोघं. दोघं अडखळली. आणि माझी पोरगी राहिली. तिनं दहा आज्ञा बिनचूक म्हटल्या आणि पुढच्या प्रश्नाला गप्प उभी राहिली, बापासारखी मान ताठ करून. पुढच्या खेपेला मिळाला तिला. तोवर तिनं माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही. तिचं बरोबर होतं. भाचीनं जीभ बाहेर काढून प्रसाद घेतला आणि डोळे इतके घट्ट मिटले की पापण्यांना सुरकुत्या पडल्या. परत येताना ती झगा उचलायला विसरली, तो मागे सारवणावरून ओढला जात होता, आणि तिच्या आईनं तो उचलला नाही. नुसती बघत राहिली.

सोमवारी पहाट फुटल्यावर बहिणीचं घर निघालं. गाढवावर बिऱ्हाड, दाजी पुढे, बहीण मागे. मी नदीपर्यंत गेलो. वाळूवर धुकं होतं, गुडघ्याएवढं, त्यामुळे सगळी माणसं पायांशिवाय चालल्यासारखी वाटत होती. बहीण थांबली. म्हणाली, दादा, तिथं फादर न्हाई, तू न्हाई. हिला कोन म्हनवून घेनार?  मी भाचीकडे पाहिलं. तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता, दीड वर्षाचा. ती आमचं बोलणं ऐकतच नव्हती. ती त्याचा हात धरून कपाळाला लावत होती, मग छातीला, मग खांद्यांना. पोरानं डावा हात पुढे केला. तिनं तो खाली केला, उजवा उचलला आणि पुन्हा कपाळापासून सुरुवात केली. पोरगं हसत होतं. ती हसत नव्हती, तिचं काम चालू होतं.

चालताचालता ती दोघं धुक्यात शिरली. मी परत फिरलो. मला तिथं आता काही काम नव्हतं.